सरांच्या नावाने जोडलेला फोन

"ताई, नेटवर्कच्या लेखी तुम्ही कॉलेजात नाहीच आहात," संगणक केंद्रातली मुलगी म्हणाली. माझा फोन तिच्या डाव्या हातात होता आणि उजव्या हाताने ती स्वतःच्या पडद्यावरची कसलीशी लांबलचक यादी वर सरकवत होती. "या फोनवर तुमचं नाव नाही. सरांचं आहे. भूशास्त्राचे सर, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले ते. तेच ना?" माझ्या मागे रांगेत परीक्षा विभागातले दोघे आणि ग्रंथालयातली एक बाई उभी होती, आणि सकाळी दहा वाजता सरकारी रांगेत जेवढी शांतता असू शकते तेवढी होती, म्हणजे प्रत्येकाचे कान पुढच्याच्या कामात. मी म्हटलं, काहीतरी घोळ असेल. "घोळ नाही," ती म्हणाली, आणि खोटं बोलणाऱ्याला मदत करावी इतक्या सज्जनपणे तिने मला वाचून दाखवलं. "आज नऊ वाजून सात मिनिटांनी सर फाटकापाशी जोडले गेले. नऊ बाराला भूशास्त्राच्या मजल्यावर. काल नऊ पाचला. परवा नऊ सहाला." मागून परीक्षा विभागातला जाडा म्हणाला, "वा, सर अजून हजेरी लावतात की!" आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग तिच्या हातातून फोन अक्षरशः ओढून घेतला आणि म्हटलं, माझं कपाट उघडं राहिलंय, मी दुपारी येते. माझं कपाट एकोणीस वर्षांत कधी उघडं राहिलेलं नाही.

मी जिने चढून वर निघाले. चोरी पकडली गेल्यावर माणसाला लाज वाटते म्हणतात, मला आधी राग आला. कोणावर ते सांगता आलं नसतं. त्या मुलीवर नाही, तिचं वय माझ्या पुतणीएवढं, आठ महिन्यांपूर्वी लागलेली, पेनाचं टोपण चावत काम करते. राग आला तो त्या सूचनेवर. सोमवारी सगळ्या मजल्यांवर लावली होती : नेटवर्क बदलत आहे, येत्या शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या फोनमधून जुनं नेटवर्क काढावं आणि नव्याने, स्वतःच्या नावाने व पासवर्डाने जोडून घ्यावं, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही आता स्वतंत्र ओळख देण्यात येत आहे. शिक्षकेतर म्हणजे आम्ही. सहा वर्षांपूर्वी हीच ओळख मी मागितली होती, रीतसर अर्ज करून, तेव्हा अर्जावर 'लागू नाही' असा शिक्का मारून तो परत आला होता. आता ती घरपोच येतेय, आणि ती येते म्हणून जे जाणार आहे त्याचा अर्ज कुठे करायचा ते त्या सूचनेत नव्हतं.

मी भूशास्त्राच्या नमुना-खोलीत काम करते. दगड सांभाळते, असं दादा पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे हसतात. काचेची चौदा कपाटं, त्यांत सहा हजारांवर नमुने : गारगोट्या, अभ्रक, संगजिरं, शंखांचे ठसे असलेले चुनखडीचे तुकडे, आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. मुलं आली की 'काचेला हात लावू नका' हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते, म्हणून मुलांनी माझं नाव काचबाई ठेवलं. सरांना दगडूसर म्हणत. दगडूसर आणि काचबाई एका खोलीत, अजून काही फुटलं कसं नाही, असा एक विनोद मुलांच्या एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे वर्षानुवर्षं जात राहिला, आणि आम्ही दोघांनी तो कधी ऐकलाच नाही असं दाखवत राहिलो. फुटलं नाही हे खरं. काही झालंच नाही तर फुटणार काय? सोळा वर्षं ते लांब टेबलाच्या त्या टोकाला बसून भिंगातून दगड बघत आणि मी या टोकाला बसून ते सांगतील तसं चिठ्ठीवर लिहीत असे. सबंध कॉलेज मला ताई म्हणतं, प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत. सरांनी कधी म्हटलं नाही. ते मला काहीच म्हणत नसत, नुसतं "ऐकलंत का" म्हणून हाक मारत, आणि पहिल्यांदा ते ऐकून कार्यालयातल्या कारकुनाला ठसका लागला होता. घरोघरी बायका नवऱ्याला मारतात ती हाक हा माणूस दगडावरून डोळे न उचलता मला मारत असे, आणि त्याच्या ते गावीही नसे. मला मात्र सोळा वर्षं रोज ऐकू यायची.

त्यांची बायको आजारी असे. घरी तिची आई असे, मुलगी शिकत होती. या गोष्टी मला त्यांनी सांगितल्या नाहीत, त्या खोलीत आपोआप आल्या. डबा घाईने बांधलेला असला, शर्टाला बटण नसलं, फोन वाजला की एकदम उठून बाहेर गेले, की मला कळायचं. ती गेली तेव्हा ते बारा दिवस आले नाहीत. तेराव्या दिवशी आले, टेबलाच्या त्या टोकाला बसले आणि भिंग हातात घेऊन बराच वेळ काहीच बघेनात. मी चिठ्ठी आणि पेन घेऊन तयार होते. तासाभराने म्हणाले, "ऐकलंत का, आज काही सांगण्यासारखं दिसत नाही." मी म्हटलं, राहू द्या, मी जुन्या चिठ्ठ्या पुसून काढते. आम्ही संध्याकाळपर्यंत तसेच बसलो. मी आयुष्यात कोणाला काही दिलं असेल तर तो दिवस दिला, असं मला अजून वाटतं. त्यानंतर आठ-दहा वर्षं गेली. विधुर माणूस आणि बिनलग्नाची बाई, आता काय अडचण आहे, असं वहिनीने एकदा भाजी चिरता चिरता विचारलं होतं. अडचण काहीच नव्हती. अडचण नसली की माणसाला स्वतःहून काहीतरी करावं लागतं, आणि तेवढंच आम्हा दोघांना येत नव्हतं.

खोलीत येऊन मी दार लोटलं, खिडकीपाशी बसले आणि फोन समोर ठेवला. तीच ही खुर्ची. सहा वर्षांपूर्वी सगळ्या नमुन्यांचे फोटो काढून यादीत चढवायचं काम निघालं, त्याला नेटवर्क लागणार होतं, आणि माझा अर्ज तो शिक्का घेऊन परत आला त्या दुपारी सर उठून टेबलाच्या या टोकाला आले. सोळा वर्षांतली ती कदाचित चौथी-पाचवी वेळ असेल. "द्या इकडे," म्हणाले, "तात्पुरतं माझ्या नावाने जोडून देतो." माझा फोन पुतणीने मराठीत करून ठेवला होता, आत्याला इंग्रजी झेपत नाही म्हणून, आणि तो नवाकोरा होता. सरांनी सेटिंग उघडलं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले, जसे ते दगडाचं वर्णन सांगत तसेच. नेटवर्काचं नाव. सुरक्षेचा प्रकार. पद्धत, तिथे चार होत्या, त्यांतली पहिली निवडायची. दुसऱ्या टप्प्याची खातरजमा. प्रमाणपत्र. "हे प्रमाणपत्र म्हणजे समोरचा खरोखर कॉलेजच आहे ना, याची खात्री," ते म्हणाले. "नाहीतर कोणीही उठून कॉलेजचं नाव लावेल आणि आपण त्याला आपला पासवर्ड देऊन बसू." प्रमाणपत्र घालायला गेले तर फोन अडला. आधी पडद्याला कुलूप लावा, म्हणाला, त्याशिवाय प्रमाणपत्र ठेवणार नाही. माझ्या फोनला कुलूप नव्हतं. माझ्याकडे कुलूप लावण्यासारखं काही होतं कुठे? सरांनी फोन माझ्या हातात दिला. नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून एक आकृती काढायची होती. मी काढायला लागले आणि बघितलं तर त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती, चांगलं अंग वळवून, बाई कपडे बदलत असावी तसं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दोनदा आकृती चुकली. मग त्यांनी परत फोन घेतला, 'ओळख' या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, 'निनावी ओळख' रिकामी सोडली, आणि पासवर्ड टाकायला लागले तेव्हा मी मान फिरवली. मी भिंतीवरचा नकाशा बघत होते आणि काचेवर त्यांच्या बोटाचा टकटक आवाज येत होता. वळून पाहिलं तेव्हा नऊ काळे ठिपके दिसले आणि लगेच 'जोडले' असं आलं. "झालं," ते म्हणाले आणि आपल्या टोकाला जाऊन बसले. एवढंच झालं. लग्न लागताना लोक याहून कितीतरी जास्त गडबड करतात.

त्या नऊ अक्षरांवर मी नंतर किती दुपारी घालवल्या ते सांगायला लाज वाटते. मुलीचं नाव आणि जन्मसाल? बायकोचं? एखाद्या दगडाचं? माझं नाव पाच अक्षरी करून पुढे कॉलेजात लागल्याचं साल जोडलं की बरोबर नऊ भरतात, हे मी मोजून बघितलं होतं, आणि मग स्वतःला म्हटलं होतं, बाई, वय काय तुझं. फोन तो पासवर्ड दाखवत नाही. घरचं नेटवर्क असलं तर दाखवतो, कॉलेजचं असलं की तोंडाला कुलूप. म्हणजे सहा वर्षं माझ्या पर्समध्ये सरांची एक गोष्ट आहे, ती मला वापरता येते, बघता येत नाही. माझ्या एकूण नशिबाला ते शोभून होतं.

निरोपसमारंभात त्यांना एक शाल आणि घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्या द्यायला खोलीत आले. मुलीच्या गावी राहायला जाणार होते, नातवंडं लहान आहेत, तिथे एक कॉलेज आहे, त्याचं ग्रंथालय चांगलं आहे म्हणाले. मग टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "तुमच्या फोनवरचं ते माझं नाव..." मी घाईघाईने म्हटलं, काढून टाकू का? ते म्हणाले, "छे, असू द्या. तुमचा अर्ज मंजूर होईपर्यंत असू द्या." आणि गेले. तीन दिवसांनी त्यांचा संदेश आला, 'पोचलो.' मी अर्धा तास विचार करून उत्तर दिलं, 'बरं.' तीन वर्षं झाली. एवढ्या वर्षांची ओळख या दोन शब्दांवर थांबली, आणि दुसरा शब्द माझा होता, म्हणजे अवलक्षण माझ्याच पदरात. त्यांनी परत लिहिलं नाही, मी लिहिलं नाही. त्यांच्या वाढदिवसाला दर वर्षी चार ओळी लिहायच्या आणि पुसायच्या. काय लिहिणार? 'कपाट क्रमांक सातची बिजागरी बदलली'? मी आपली समजूत घातली की तिथे ते रमले असतील, सकाळी नातवाला शाळेत सोडत असतील, मला विसरले असतील, आणि विसरायला तरी होतं काय.

पण रोज सकाळी फाटकातून आत शिरलं की पर्समधला फोन एकदा बारीक थरथरतो. वरच्या कोपऱ्यात ती पंख्यासारखी छोटी खूण येते. मी सहा वर्षं त्या खुणेसाठी कॉलेजात येते असं म्हटलं तर पगार देणारे चिडतील, पण गेली तीन वर्षं तरी ते खरं आहे. खूण आली की सर आले. आम्ही दोघं फाटकातून आत आलो, बागेच्या कडेने चाललो, जिना चढलो. जिन्याच्या वळणावर खूण क्षणभर जाते, तिथे भिंत जाड आहे, तेव्हा मी थांबते, आणि दुसरे जिना चढणारे मला म्हातारी समजून बाजूने जातात. मग खूण परत येते. लांब सुट्टी असली की मला करमत नाही. मागच्या सुट्टीत दोन रविवारी मी वहिनीला देवळात जाते म्हणून सांगितलं आणि कॉलेजात आले, पहारेकऱ्याला म्हटलं कपाटात किडे झालेत बघते, आणि खोलीत बसून राहिले. फोन समोर ठेवला होता, ती खूण होती, मी काही केलं नाही. असल्या बायकांना लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. येताना साबण आण म्हणाली. माझा आवाज ऐकून म्हणाली, "काय गं, रडतेस?" मी म्हटलं, नेटवर्क बदलायचंय. "अगं मग त्यात काय रडायचंय? घरी आण, पोरगी दोन मिनिटांत करून देईल. जुनं काढायचं, नवं घालायचं." मी म्हटलं, जुनं काढायचं जिवावर आलंय. वहिनीला सगळं कळतं. त्याचीच मला धास्ती वाटते. मग म्हणाली, "तुझं तू बघ बाई. पण उपाशी नको बसू." डबा मी उघडला आणि तसाच बंद केला. फोनमध्ये गेले, नेटवर्काच्या नावावर बोट ठेवलं, तर खाली 'नेटवर्क विसरा' असं आलं. फोनवाल्यांच्या भाषेला काही लाजलज्जा नाही. विसरा म्हणे, जसं काही बोट टेकवलं की होतं. मी ठेवलेलं बोट उचललं. दुसरीच भीती मनात आली. दुसऱ्याला आपल्या नावाने जोडून देणं नियमाच्या विरुद्ध आहे, हे सूचनेत ठळक लिहिलेलं होतं, खातं बंद होऊ शकतं असंही. निवृत्त शिक्षकांना त्यांचं खातं जन्मभर ठेवतात, सर त्यावर तिथल्या ग्रंथालयात वाचत असणार. माझ्यापायी ते बंद झालं तर? सगळ्या कॉलेजात बोभाटा होईल, की सरांनी काचबाईला पासवर्ड दिला होता, आणि त्यावर पुढचा विनोद होईल आणि तो सरांपर्यंत पोचेल, आणि ते तिकडे मान फिरवतील. मी तिथल्या तिथे तीन खोट्या गोष्टी रचल्या. फोन सरांचाच होता, त्यांनी जाताना मला दिला. नाही, जोडणी मी चोरून केली. नाही, मला काही माहीतच नाही, मी अडाणी. तिसरी सगळ्यांना सहज पटली असती.

तीन वाजता खाली गेले तेव्हा केंद्रात कोणी नव्हतं. मुलगी एकटीच होती, टोपण चावत. मी बसायच्या आत म्हटलं, "हे बघ, चूक माझी आहे. मीच त्यांच्या मागे लागले होते. त्यांचं खातं बंद करू नका." तिने टोपण तोंडातून काढलं. "बंद कोण करतंय ताई? अशी साठ-सत्तर निघालीत. शिपाई सगळे कोणा ना कोणा प्राध्यापकाच्या नावावर आहेत, तुम्हाला ओळखच देत नव्हते तर करणार काय?" माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच जरा वाईटही वाटलं, की साठ-सत्तरांतलं एक. ती पुढे म्हणाली, "मला सकाळी वेगळंच वाटलं होतं. सर एकाच वेळी दोन ठिकाणी दिसत होते ना. आपलं नेटवर्क पुष्कळ कॉलेजांचं मिळून आहे, आपल्या नावाने दुसऱ्या गावच्या कॉलेजातही फोन जोडला जातो. नऊ सातला सर इथे फाटकात, आणि नऊ वीसला तिथल्या ग्रंथालयात. मी म्हटलं, खातं चोरीला गेलं की काय. मग यादी उघडली तर दोन फोन, दोन्ही त्यांनीच नोंदवलेले." मी विचारलं, "नऊ वीसला? रोज?" "रोज. तुम्ही इथे, ते तिथे." तिने सहज म्हटलं. मला मात्र तिथला वाचनाचा हॉल दिसला, मी कधी न पाहिलेला, आणि त्यात एका लांब टेबलाच्या टोकाला सर.

"नोंदवलेले म्हणजे?" मी विचारलं. तिने पडदा माझ्याकडे वळवला. हे दाखवायला नको होतं बहुतेक, पण दुपार होती आणि तिला कोणीतरी आपलं काम समजून घेतंय याचाच आनंद झाला होता. प्रत्येक खात्याचं एक पान असतं, त्यावर त्या नावाने जोडलेली यंत्रं दिसतात, आणि दर सहा महिन्यांनी खातेदाराला प्रत्येकापुढे लिहून द्यावं लागतं की हे अजून वापरात आहे, नाही लिहिलं तर ते आपोआप गळतं. वर त्यांचा स्वतःचा फोन होता. खाली 'दुसरा फोन, खिडकीजवळ' असं लिहिलेलं होतं. त्यापुढे सहा तारखा होत्या. ते गेल्यापासूनच्या तीन वर्षांच्या. पाच वेळा 'हो' लिहिलेलं होतं. सहाव्या वेळी, गेल्या महिन्यात, 'हो. कृपया काढू नये' असं होतं. मला वाचता येत होतं पण कळायला वेळ लागला. मी तीन वर्षं समजत होते की माझ्या पर्समध्ये त्यांची एक विसरलेली वस्तू आहे.

"आणि शेवटची जोडणी कधी झाली तेही दिसतं त्यांना," मुलगी म्हणाली. "हे बघा. आज, नऊ सात." मग ती जरा हसली. "पण सर हे पान फार उघडतात हां ताई. उघडल्याची नोंद राहते. मी स्वतःचं एकदाही उघडलेलं नाही. हे तर रोज उघडतात. नऊ बावीस, नऊ तेवीस. ग्रंथालयात बसले की आधी हेच. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाची सवय असेल." ती यादी खाली सरकवत होती. तारखा जात होत्या, महिने जात होते. रविवारही होते त्यांत. एका जागी तिचं बोट थांबलं. "इथे काय झालं होतं? गेल्या वर्षीचं आहे. एका दिवसात चौदा वेळा. दुसऱ्या दिवशी अकरा. असे सोळा दिवस." मी तारीख बघितली. गेल्या वर्षी माझी कंबर धरली होती. सोळा दिवस मी घरी आडवी होते, वहिनी पाय चेपत होती, आणि मी छताकडे बघत म्हणत होते की मी मेले तरी कोणाला कळणार नाही. सतराव्या दिवशी काठी घेऊन कॉलेजात आले होते. सतराव्या दिवशी त्या पानावर एकच नोंद होती, नऊ एकतीस, आणि त्यानंतर दिवसभर काही नाही.

मला रडू आलं. लपवावं असंही वाटलं नाही. मुलगी घाबरली, टोपण खाली पडलं, पाणी देऊ का म्हणाली. मी मान हलवली. सोळा दिवस हा माणूस तिथे बसून दिवसातून चौदा वेळा बघत होता आणि फोन उचलून 'कशा आहात' एवढं विचारायचं त्याला जमलं नाही, आणि मी इथे बसून त्याच्या नावाची खूण जपत होते आणि मला 'बरं'च्या पुढचा शब्द जमला नाही. असे दोन मूर्ख देवाने एकाच खोलीत आणून बसवले आणि वर मुलांना विनोद करायला लावले. मला त्यांचा राग आला, चांगला धगधगीत, आणि त्या रागात इतकं सुख होतं की मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमची नवी ओळख तयार आहे. पण आधी हा फोन त्यांच्या यादीतून काढावा लागेल. नंतर काढू का? शुक्रवारी काढते हवं तर." शुक्रवारपर्यंत दोन सकाळी होत्या. दोन सकाळी अजून नऊ सातला आम्ही दोघं फाटकातून आत शिरलो असतो. आणि शनिवारी ते पान उघडतील, आणि खाली काहीच नसेल. चौदा वेळा उघडतील. आता कंबर नाही, आता काय झालं असेल, असं त्यांना वाटेल, आणि ते कोणालाही विचारणार नाहीत.

"थांब," मी तिला म्हटलं, "आधी त्यांना सांगते." तिच्यासमोरच नंबर लावला. उठून बाहेर गेले असते तर परत जिना चढून खोलीत गेले असते आणि कपाटं पुसत बसले असते, मला मी ठाऊक आहे. तिकडे घंटी वाजली. दोनदा वाजली आणि उचलला. "एक मिनिट," कुजबुजल्यासारखा आवाज आला, मग खुर्ची सरकली, पावलं, दार. मग मोठ्याने, "बोला. बऱ्या आहात ना?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"फोन चालतोय ना?"

"चालतोय. पण सर, आता तो तुमच्या नावाने चालणार नाही. आम्हालाही ओळख दिली आहे. ज्याच्या त्याच्या नावाने जोडायचं. तुमच्या यादीतून माझा फोन आज काढताहेत."

"असं का," ते म्हणाले. "हो, बरोबर आहे. नियमच आहे तो." मागे कुठेतरी मुलं जात होती, त्यांचं हसणं ऐकू आलं आणि लांब गेलं. मला वाटलं ठेवला फोन. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. मुलगी भिंतीवरच्या तारांकडे बघत होती, चांगलं अंग वळवून. मग सर म्हणाले, "मग मला कसं कळणार?"

काय कळणार, असं मी विचारलं नाही. "विचारायचं," मी म्हटलं. माझा आवाज केंद्राच्या बाहेर गेला असेल, पण जाऊ दे. "मला फोन करायचा आणि विचारायचं, आलात का म्हणून."

"रोज?"

"रोज."

"आणि रविवारी?" त्यांनी विचारलं. "रविवारी कॉलेज नसतं."

"रविवारी मी विचारीन," मी म्हटलं.